कातळावर उभा राहील असा तंबू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला राहणारं चौघांचं कुटुंब, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. वर्षाला पाच-सहा मुक्काम, बहुतेक भंडारदऱ्याच्या आसपास, एखादा हरिश्चंद्रगडावर आणि एकदा कोकणात समुद्राकाठी. आजवर भाड्याच्या तंबूवर भागवलं, आता स्वतःचा घ्यायचाय. साधा हवा, मजबूत हवा आणि तास-दोन तास पाठीवर नेता आला पाहिजे. नेटवर शोधायला गेलात तर इतके प्रकार दिसले की काहीच ठरेना.

मी गेली बावीस वर्षं सह्याद्रीत मुलांची आणि कुटुंबांची शिबिरं घेतोय. आमचे पस्तीसेक तंबू आहेत. ते मीच लावतो, मीच वाळवतो आणि फाटले-मोडले की दुरुस्तही मीच करतो. तंबू नेमका कुठे फाटतो आणि काठी कुठे मोडते हे मला सुई हातात धरून कळलेलं आहे, आणि त्याच अनुभवावरून सांगतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. दोन काठ्या डोक्यावर एकमेकींना छेदून जातात असा घुमटाच्या आकाराचा तंबू घ्या. दुकानात त्याला डोम टेंट म्हणतात. चार माणसांचा घ्या, पण मधली उंची १३० सेंटिमीटरच्या आसपास, त्याहून फार नको. वरचं कापड, म्हणजे फ्लाय, चारही बाजूंनी जवळजवळ जमिनीपर्यंत आलं पाहिजे. खालची जमीन आतल्या तंबूला शिवलेली असावी. काठ्या जमल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या. आणि सगळे पैसे तंबूवर घालू नका, थोडे चांगल्या खुंट्यांसाठी आणि पंधरा-वीस मीटर दोरीसाठी बाजूला ठेवा. हे शेवटचं वाक्य लोक कानाआड करतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

का, ते एका रात्रीच्या गोष्टीवरून सांगतो. मे महिना होता. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापासून बरंच आत, मोकळ्या पठारावर आमचे सात तंबू होते. संध्याकाळ इतकी शांत की मुलांनी मेणबत्ती लावून पत्ते खेळले. साडेअकराच्या सुमारास वळवाचं वारं सुटलं. कोकणकड्याची वाटी तुम्ही बघितलीच असेल. खालून कोकणातून आलेलं वारं त्या वाटीत शिरतं, वर फेकलं जातं आणि पठारावर कुठल्या बाजूने येऊन आदळेल याचा नेम नसतो. दहा मिनिटांत दोन तंबू आडवे झाले. त्यातला एक आमच्याकडचा सगळ्यात महाग होता. उंच, दोन खिडक्यांचा, आत माणूस जवळजवळ उभा राहील असा. त्याची फायबरची काठी उभी चिरली आणि तिच्या धसांनी फ्लायला हातभर भोक पाडलं. आतली मुलं घाबरली, पण कुणाला लागलं नाही. त्यांना आम्ही दुसऱ्या तंबूंत घेतलं आणि बसून रात्र काढली.

सकाळी मी एकेका तंबूभोवती फिरून बघितलं. जे पाच उभे राहिले त्यातले तीन अगदी साधे, आठ वर्षं वापरलेले डोम होते. कापड विटलेलं, चेन अडकणारी. पण त्या पाचही तंबूंच्या फ्लायच्या बाजूच्या दोऱ्या ताणून दगडांना बांधलेल्या होत्या. पडलेल्या दोन्ही तंबूंच्या दोऱ्या पिशवीतच, कंपनीने घातलेल्या गुंडाळीतच राहिल्या होत्या. संध्याकाळी वारं नाही म्हणून मुलांनी बांधल्या नव्हत्या आणि मीही फिरून तपासलं नव्हतं. ती चूक माझी. त्यानंतर आकाश कितीही स्वच्छ असो, दोऱ्या बांधल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवायला बसत नाही.

आपल्याकडे तंबूची खरी अडचण जमिनीची आहे. परदेशी माहितीत सगळीकडे गृहीत धरलेलं असतं की खुंटी जमिनीत जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी ती चार बोटंसुद्धा जात नाही. वर गवत दिसतं, खाली लगेच काळा कातळ. कोकणातल्या सड्यांवर जांभा. म्हणून पहिली अट अशी ठेवायची की एकही खुंटी न ठोकता तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहिला पाहिजे. डोममध्ये दोन्ही काठ्यांची टोकं तंबूच्या चार कोपऱ्यांत अडकतात. काठी वाकलेली असल्यामुळे बाहेर पसरू बघते, जमिनीचं कापड तिला पसरू देत नाही, आणि या ओढाताणीत तंबू उभा राहतो. उचलून चार पावलं सरकवता येतो, उलटा करून आतली माती झटकता येते. बोगद्यासारखे लांबट तंबू येतात ते वजनाला हलके आणि आत ऐसपैस असतात, पण त्यांचा सगळा भार पुढच्या-मागच्या खुंट्यांवर. खुंटी निघाली की तंबू बसला. मऊ मातीच्या प्रदेशात ते उत्तम आहेत, तुमच्या ठिकाणांसाठी नाहीत.

दोनच काठ्या का, तर अंधारात लावता येतात म्हणून. नाशिकहून शुक्रवारी कामं उरकून निघाल्यावर भंडारदऱ्याला पोचायला रात्र होणार. मुलं पेंगुळलेली, टॉर्च एकाच्या तोंडात. अशा वेळी तीन-चार वेगवेगळ्या लांबीच्या काठ्या, कुठली कुठे जाते ते रंगावरून ओळखायचं, हे सगळं नको होतं. दोन सारख्या काठ्या, चार कोपरे, चुकायला जागा नाही. हिमालयात बर्फातल्या मुक्कामासाठी चार-चार काठ्यांचे तंबू वापरतात, ते त्या जागी योग्य आहेत. पण मोठ्या लोकांनीसुद्धा साधेपणा सोडलेला नव्हता. आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर १८६५ साली पहिल्यांदा पोचलेला एडवर्ड व्हिम्पर जो तंबू वापरायचा, त्यात पुढे-मागे काठ्यांची एकेक कैची आणि खाली जमीन शिवलेली, एवढंच होतं. त्याच पद्धतीचे तंबू पुढे कित्येक वर्षं गिर्यारोहकांनी वापरले.

आता चार माणसांचा म्हणजे किती मोठा? कंपन्या एका माणसाला साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदी धरून आकडा छापतात. खांद्याला खांदा लागतो, सामान पायाशी. म्हणून चार मोठ्या माणसांना मी चार माणसांचा तंबू कधीच देत नाही. पण तुमची दोघं अजून लहान आहेत. २१० बाय २४० सेंटिमीटरच्या आसपासच्या जमिनीवर दोन मोठे आणि दोन लहान नीट झोपतात. मुलं बारा-तेराची झाली की त्यांना स्वतःचा छोटा तंबू हवासा वाटेलच, तेव्हा दोन माणसांचा आणखी एक घ्या. आत्ताच दोन छोटे घ्यावेत का, हा विचार तुमच्या मनात येईल. वाऱ्याचा आणि जागेचा विचार केला तर दोन छोटे तंबू केव्हाही चांगले, कारण गडावर मोठी सपाट जागा मिळत नाही. पण सहा वर्षांचं मूल रात्री घाबरून उठतं तेव्हा आई-बाबा हाताच्या अंतरावर हवेत. म्हणून आत्ता एकच.

उंचीच्या मोहात मात्र पडू नका. आत उभं राहून कपडे बदलता येतात हे दुकानात फार आवडतं. पण तंबूची बाजू जितकी उंच आणि सरळ तितकं वारं तिला पकडतं, आणि काठीही तितकीच लांब आणि लवचीक होते. बसून डोकं लागत नाही एवढी उंची पुरते.

वजनाचं सांगायचं तर असा तंबू फायबरच्या काठ्यांसह चार-पाच किलोंच्या घरात जातो. तो एका पिशवीत एकाच्या पाठीवर द्यायचा नसतो. कापड एका सॅकमध्ये, काठ्या, खुंट्या आणि दोऱ्या दुसऱ्या सॅकमध्ये, असं वाटून घेतलं की हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट चढताना जाणवतही नाही. घ्यायच्या आधी पॅकिंगची लांबी बघा. ६० सेंटिमीटरपेक्षा लांब गुंडाळी सॅकमधून वर डोकावते आणि झाडीत अडकत राहते.

फ्लायबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण स्वस्त तंबू इथेच फसवतात. त्यांचा फ्लाय म्हणजे नुसती डोक्यावरची टोपी असते. बाजू उघड्या, त्यावर मच्छरदाणीची जाळी किंवा साधं पातळ कापड. शांत रात्री चालून जातं. पण आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाला अर्धा तास पुरतो आतलं सगळं भिजवायला. फ्लाय जमिनीपासून चार बोटं वर थांबला पाहिजे आणि आतल्या तंबूपासून चार बोटं सुटा राहिला पाहिजे. दोन कापडं एकमेकांना चिकटली की बाहेरचं पाणी आत झिरपतं. फ्लाय उलटा करून बघा. जिथून काठी जाते तिथे आतल्या बाजूला बंद किंवा वेल्क्रोच्या पट्ट्या शिवलेल्या आहेत का? असतील तर त्या काठीला बांधायच्या असतात. म्हणजे बाहेर ताणलेली दोरी कापडाला न ओढता थेट काठीला आधार देते. ज्या कारखान्याने या पट्ट्या शिवल्यात, त्याने तंबू बनवताना वाऱ्याचा विचार केलाय, असं मी समजतो.

कापडावर आकडे छापलेले असतात, १,५०० मिमी, २,००० मिमी, ३,००० मिमी. याचा पावसाच्या मिलिमीटरशी संबंध नाही. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपायला लागतं, त्याचं ते माप आहे. १,५०० म्हणजे दीड मीटर पाण्याचा दाब. फ्लायसाठी एवढंही पुरतं, पण वापराने लेप झिजतो, म्हणून २,००० पासून सुरुवात करा. जमिनीला ३,००० किंवा जास्त हवं, कारण गुडघा टेकून बसलात की ओल्या जमिनीवर तेवढ्या जागी बराच दाब येतो. आकड्यांपेक्षा मी शिवण आधी बघतो. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली हवी. ती नसेल तर ५,००० मिमीचं कापडसुद्धा सुईच्या भोकांतून गळणार. जमिनीचं जाड कापड कडेने वीतभर वर चढवून मग शिवलेलं असावं, परातीच्या काठासारखं. शिवण जमिनीवर आली की पाणी तिथूनच येतं.

कापड पॉलिएस्टर घ्या. नायलॉन हलकं आणि तन्य असतं, पण ओलं झालं की सैल पडतं आणि मध्यरात्री उठून पुन्हा ताणावं लागतं. पॉलिएस्टर तितकं सैल पडत नाही आणि आपलं ऊनही जास्त दिवस सोसतं. शिवाय स्वस्त पडतं. कॅनव्हास टिकाऊ खरंच, पण तो गाडीने नेऊन महिनाभर एका जागी ठोकायचा तंबू. भिजला तर दोघांना उचलत नाही.

आता काठ्या. फायबरची काठी मोडताना उभी चिरते, आधी काही सांगत नाही, आणि तिचे बारीक धस हातात घुसतात. अ‍ॅल्युमिनियमची आधी वाकते. वाकलेली काठी कुरूप दिसते पण सकाळपर्यंत साथ देते. फरक एवढा मोठा आहे, म्हणून पैसे असतील तर इथेच घाला. नसतील तर फायबरची चालेल, पण चार माणसांच्या तंबूला ती निदान ८.५ मिमी जाडीची हवी, ९.५ मिळाली तर उत्तम. छोट्या तंबूची ७.९ मिमीची काठी मोठ्या तंबूला लावलेली मी बघितली आहे. ती पहिल्या वर्षीच गेली.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फायबर काठ्या बहुतेक वाऱ्याने मोडलेल्या नसतात. तुकडा धातूच्या नळीत पूर्ण बसलेला नसतो आणि तसाच वाकवलेला असतो, म्हणून जोडाजवळ चिरलेल्या असतात. मुलांना हौस असते काठी हवेत झटकून सगळे तुकडे आपोआप जोडले जाताना बघायची. दिसतं सुंदर, पण काही जोड अर्धेच बसतात. शांतपणे एकेक जोड हाताने बसवा, 'टक्' असा आवाज येईपर्यंत. काठी कापडाच्या बाहीतून नेताना ढकला, ओढू नका. ओढली की आत जोड सुटतात. घडी करताना टोकापासून सुरू न करता मधोमध पहिली घडी घाला, म्हणजे आतल्या लवचीक दोरीवर दोन्ही बाजूंना सारखा ताण येतो.

तरीही रानात काठी चिरलीच तर? पिशवीत बोटभर जाडीची, १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी ठेवा. चांगल्या तंबूबरोबर ती येते. नसेल तर तुमच्या काठीचा एक तुकडा घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि त्यावर जेमतेम सरकेल अशी नळी कापून घ्या. चिरलेल्या जागी आधी कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, म्हणजे धस आत दबतात. काठीच्या टोकाकडून नळी सरकवत आणून चीर तिच्या बरोबर मध्यावर येईल अशी बसवा. मग नळीच्या दोन्ही तोंडांशी पट्टी घट्ट गुंडाळा, म्हणजे ती सरकणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडचा एक तंबू अशा नळीवर तीन हंगाम चालला. दुकानात तंबू बघताना मी नेहमी विचारतो की काठीचा सुटा तुकडा मिळतो का. नाही म्हणाले तर तो तंबू मी घेत नाही.

याच कारणासाठी छत्रीसारखे उघडणारे तंबू मी टाळायला सांगतो. डोक्यावर प्लास्टिकचा एक गड्डा असतो, दोरी ओढली की चारही पाय उघडतात. पहिल्या दिवशी मन हरखून जातं. तो गड्डा तडकला की संपूर्ण तंबू निकामी, आणि रानात त्याला काही उपाय नाही. फेकल्याबरोबर उघडणारे गोल तंबू येतात ते गाडीतून उतरून एक रात्र काढायला सोयीचे आहेत. पण त्यांची मोठी गोल थाळी सॅकमध्ये जात नाही आणि त्यांची बारीक कमान वाऱ्यापुढे झुकते.

खुंट्या. तंबूबरोबर तारेच्या आकड्यांसारख्या खुंट्या येतात, त्या दगडावर पहिल्या ठोक्याला वाकतात आणि मऊ मातीत बोटाने उपसता येतात. इंग्रजी व्ही किंवा वाय आकाराच्या, १८ ते २० सेंटिमीटर लांबीच्या डझनभर वेगळ्या घ्या. भंडारदऱ्याच्या काठची काळी माती वरून घट्ट वाटते पण भिजली की लोणी होते, तिथे या लांब खुंट्याच टिकतात. ठोकताना खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा, म्हणजे दोरी आणि खुंटी यांच्यात काटकोन होतो आणि ती उपसून येत नाही.

खुंटी जातच नसेल तिथे दगड. नुसता दोरीच्या फासावर दगड ठेवला तर झटक्यासरशी दोरी खालून निसटते, किंवा दगडाच्या धारेवर घासून रात्रीत तुटते. म्हणून आम्ही दोन दगड वापरतो. दोरीचं टोक नारळाएवढ्या दगडाला एक वेढा घालून बांधायचं आणि तो जमिनीवर ठेवायचा. मग त्याच्या पुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, दोरीवरच घागरीएवढा मोठा दगड ठेवायचा. वाऱ्याने दोरी ओढली की छोटा दगड मोठ्याच्या पायाशी येऊन अडकतो. जितकं ओढावं तितका घट्ट. गाठ छोट्या दगडाला असल्याने सकाळी मोठा दगड बाजूला केला की दोरी सहज सुटते. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला हे एकदा शिकवा, पुढच्या वेळी तो कुणाला हात लावू देणार नाही.

दगड गोळा करताना मात्र दोन गोष्टी पाळा. दगड उचलताना आधी काठीने हलवा आणि मग पलीकडची कड आधी उचला, म्हणजे खाली विंचू किंवा कोकणात फुरसं असेल तर ते तुमच्या उलट बाजूला निघतं. मुलांना हे काम देऊ नका. दुसरं, गडाच्या तटाचा, जोत्याचा किंवा मंदिराजवळचा घडीव दगड कधीही घेऊ नका, सुटा पडलेला असला तरी. गेल्या वीस वर्षांत किती जोती मी अशी तंबूंसाठी आणि चुलींसाठी उचकटलेली पाहिली, त्याचा त्रास होतो. रत्नागिरीच्या सड्यांवर तर पायाखाली कातळशिल्पं असू शकतात, तिथे दगड ओढत नेले तर हजारो वर्षांच्या रेषा खरवडल्या जातील. निघताना वापरलेले दगड जिथून आणले तिथे परत टाका.

वाळूत खुंटी म्हणजे नसल्यासारखीच. तिथे किराण्याच्या कापडी पिशव्या न्या. पिशवी वाळूने भरा, दोरी तिच्या मध्यावर बांधा, कोपरभर खोल खड्डा करून ती आडवी पुरा आणि वर वाळू पायाने दाबा. समुद्रकाठी भरतीची रेषा बघून त्याच्याही बरंच वर तंबू लावा, आणि गुंडाळण्याआधी चेनमधली वाळू ब्रशने झाडा. चेन खराब होते ती वाळूनेच. अडकायला लागली की दातांवरून मेणबत्ती फिरवा.

एक तक्रार दर हिवाळ्यात येते, 'तंबू गळतो'. पाऊस तर नव्हता. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ थंड फ्लायला लागून पाणी होतं. धरणाकाठी आणि दरीच्या तळाला हे सगळ्यात जास्त. उपाय म्हणजे फ्लायच्या वरच्या हवेच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवणं, आणि तंबू पाण्याच्या काठापासून थोडा वर, उंचवट्यावर लावणं. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून आत शेगडी किंवा स्टोव्ह लावणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. स्वयंपाक बाहेर, अगदी पावसातसुद्धा. ऊब हवी तर अंगाखाली जाड फोमची चटई घ्या, थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते.

जागा निवडताना एकट्या उंच झाडाखाली नको, कोरड्या ओढ्यात नको, कड्याच्या काठावर तर नकोच. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाची परवानगी आणि त्या वेळचे नियम पायथ्याला वनखात्याकडे आणि गावात विचारूनच वर जा. गावातले लोक तंबू भाड्यानेही देतात. तुमचे मुक्काम वर्षाला एक-दोनच असते तर मी सांगितलं असतं की घेऊच नका, त्यांच्याकडूनच घ्या, त्यांचंही भलं होतं. पाच-सहा मुक्काम असतील तर स्वतःचा घेणं योग्यच.

दुकानात जाऊन घ्या, शक्यतो जिथे तंबू उभा करून दाखवतात तिथे. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानांत उभे केलेले तंबू असतात. बूट काढून चौघंही आत आडवे व्हा. लाज वाटू देऊ नका. चेन एका हाताने उघडते का बघा. फ्लायला दोरी बांधायच्या कड्या किती आहेत मोजा, निदान चार हव्यात आणि त्या काठीच्या वरच हव्यात.

घरी आणल्यावर पहिला मुक्काम गच्चीवर. दिवसा एकदा लावा, काढा, पुन्हा लावा. मग फ्लाय ताणून त्यावर बागेचा पाइप अर्धा तास सोडा आणि आत बसून शिवणी बोटाने चाचपा. जिथे ओल लागेल तिथे शिवणीचं सीलंट लावा किंवा सरळ बदलून आणा. पावती आहे तोवरच हे शक्य असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे बंद करून, एकाच टॉर्चवर लावून बघा. पंधरा मिनिटांत उभा राहिला तर तुम्ही तयार आहात.

आणि जपणूक. आमचे जितके तंबू वाऱ्याने गेले त्याहून जास्त कपाटात गेले. ओला किंवा दमट गुंडाळून ठेवला की आधी बुरशी आणि कुबट वास, मग एक-दोन पावसाळ्यांत आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो. फ्लायच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून चिकटपणा लागला तर समजा लेप गेला, तो परत येत नाही. म्हणून घरी आल्या आल्या, कितीही दमलेले असलात तरी, तंबू दोरीवर टाका. सावलीत, वाऱ्यावर, पूर्ण दोन दिवस. जमिनीच्या कापडाची शिवण सगळ्यात शेवटी वाळते, ती हाताने तपासा. वॉशिंग मशीन नाही, साबणाची पूड नाही, माती ओल्या फडक्याने पुसायची. कंपनीच्या घट्ट पिशवीत वर्षभर कोंबून ठेवू नका, जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. पावसाळ्यात एखादा उघडिपीचा दिवस मिळाला की बाहेर काढून पुन्हा वाऱ्यावर टाका, आणि त्याच वेळी खुंट्या, दोऱ्या आणि ती नळी पिशवीत आहेत ना ते मोजून घ्या.